मामांची बॅटरी

माझ्या थोरल्या मामांची एकसष्टी ठरली तेव्हा घरच्यांनी कामं वाटून घेतली. कुणाकडे शाल, कुणाकडे तुला, कुणाकडे जेवण. माझ्या वाट्याला आलं 'त्यांच्या आवडीचं काहीतरी' आणणं. मामांची आवड अख्ख्या वाडीला माहीत आहे. ती म्हणजे बॅटऱ्या. पुस्तकात त्यांना विजेरी म्हणतात, पण 'अरे, ती विजेरी दे जरा' असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. शहरात टॉर्च, गावाकडे बॅटरी. बॅटरीत घालतो ते सेल.

मामांच्या ओट्यावरच्या फळीत अकरा बॅटऱ्या उभ्या असतात. एका टोकाला तीन सेलची पितळी, दुसऱ्या टोकाला ऑनलाइन मागवलेली, जिच्या खोक्यावर '१००००० लूमेन' असं छापलंय ती. (त्या शून्यांबद्दल पुढे बोलू.) ज्याच्याकडे अकरा आहेत त्याला बारावी कुठली द्यायची? तुमचा एखादा मित्र घड्याळांचा, पेनांचा किंवा हेडफोनचा वेडा असेल तर हा पेच तुम्हाला कळेल. शौकिनाला भेट देणं म्हणजे त्याच्या परीक्षेला बसणं. म्हणून अभ्यास सुरू केला आणि दोन महिने त्यातच अडकलो. टॉर्चचा इतिहास मला वाटलं होतं त्यापेक्षा लांब गेला. न्यूयॉर्कला गेला, भोपाळला गेला, जपानमधल्या एका आडबाजूच्या कारखान्यात गेला.

*

सुरुवात दिव्यापासून नाही, सेलपासून होते. १८६६ मध्ये जॉर्ज लेक्लांशे या फ्रेंच इंजिनिअरने एक विद्युत घट बनवला: जस्त, कार्बन, मँगनीज डायऑक्साइड आणि नवसागराचं पाणी. नवसागर म्हणजे कल्हईवाल्याकडचा, तोच. घट चांगला चाले, पण होता बरणीत. आडवा केला की सांडायचा. १८८० च्या दशकात कार्ल गासनर या जर्मन माणसाने त्या पाण्याचा लगदा केला आणि जस्ताचं भांडं हीच घटाची बाहेरची भिंत केली. सांडणं संपलं. वीज पहिल्यांदा खिशात ठेवण्याजोगी झाली.

लहानपणी तुम्ही संपलेला सेल दगडाने फोडला असेल तर गासनरची सगळी रचना तुम्ही पाहिली आहे. बाहेर जस्ताचा पत्रा, आत काळी पूड, मध्ये कार्बनची कांडी. आमच्या शाळेत त्या पुडीने फळा काळा करायचे. सेल गळून बॅटरीची स्प्रिंग हिरवट-पांढरी का होते, याचंही उत्तर तिथेच आहे. जस्ताची भिंत नुसतं भांडं नसते, तीच जळण असते. वीज देता देता ती झिजते, भोक पडतं आणि आतला ओला माल बाहेर येतो.

१८९६ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल कार्बन कंपनीने कोरडे सेल मोठ्या प्रमाणावर विकायला काढले. दोनच वर्षांनी आपण ज्याला 'मोठा सेल' म्हणतो तो आला. आता फक्त कुणीतरी दोन-तीन सेल एका नळीत एकावर एक ठेवून पुढे बल्ब बसवायचा होता.

ते डेव्हिड मिझेल या इंग्रज संशोधकाने केलं. १० जानेवारी १८९९ ला त्याला अमेरिकन पेटंट मिळालं. नळी कागदाची, आत सेल, तोंडाशी छोटा बल्ब आणि मागे पितळेचा ओबडधोबड रिफ्लेक्टर. आजच्या टॉर्चशेजारी ते चित्र ठेवलं तर लहान पोरही दोन्ही एकच वस्तू आहेत म्हणून सांगेल. सव्वाशे वर्षांत आकार बदललेला नाही.

पेटंट मात्र मिझेलच्या मालकाच्या कंपनीकडे गेलं. हा मालक कॉनरॅड ह्युबर्ट. जन्मनाव अकिबा होरोविट्झ, गाव मिन्स्क, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातलं. ज्यू माणूस, अमेरिकेत आला तेव्हा हातात फारसं काही नव्हतं. सिगारचं दुकान, खाणावळ असे धंदे करत करत विजेच्या गमतीच्या वस्तूंपाशी पोचला: टायवर लुकलुकणारी पिन, फुलांच्या कुंडीतला दिवा, असला माल. त्या कुंडीच्या दिव्यावरून पुढे एक दंतकथाही निघाली, की कल्पना मुळात खेळण्यातल्या रेल्वे बनवणाऱ्या लायनेल कोवेनची. पेटंटच्या कागदावर नाव मिझेलचं आहे, एवढं मला पुरे.

या नळ्या खपवायला ह्युबर्टने त्या न्यूयॉर्कच्या पोलिसांना फुकट वाटल्या. पोलिसांनी चांगलं लिहून दिलं, ते जाहिरातीत गेलं. आज यूट्यूबवर कंपन्या फुकट माल पाठवून रिव्ह्यू करून घेतात, ती युक्ती किती जुनी आहे बघा.

अमेरिकेत टॉर्चला 'फ्लॅशलाइट' का म्हणतात, हे मला याच शोधात कळलं. ते कौतुकाचं नाव नव्हतं. कार्बनच्या तारेचे ते बल्ब वीज भयंकर खात आणि सेल अशक्त होते. दिवा सलग लावून ठेवणं परवडतच नसे. बटण दाबा, क्षणभर बघा, सोडा, सेलला दम खाऊ द्या. म्हणून 'फ्लॅश'. वस्तूतला दोषच तिचं नाव झाला. १९१० च्या आसपास टंगस्टनच्या तारेचे बल्ब आले तेव्हा हा लुकलुकणारा दिवा सलग जळू लागला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

१९१४ मध्ये ह्युबर्टने कंपनी नॅशनल कार्बनला विकली. तो १९२८ मध्ये वारला तेव्हा मृत्युपत्रात त्याने संपत्तीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग दानाला ठेवला होता. पैसा कुणाला द्यायचा हे ठरवायला तिघं बसले: एक प्रोटेस्टंट, एक कॅथलिक, एक ज्यू. प्रोटेस्टंट होते माजी राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज. मिन्स्कहून आलेल्या माणसाचा हिशेब करायला अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष!

त्याच्या ब्रँडचं नाव होतं 'एव्हररेडी'.

*

इथे गोष्ट आपल्या घरात येते. एव्हररेडीचे सेल भारतात १९०५ पासून येत होते. १९३४ मध्ये इथे कंपनी नोंदली गेली, १९३९ मध्ये कलकत्त्यात सेलचा कारखाना आणि १९५८ मध्ये लखनौला टॉर्चचा. शेजारी अलाहाबादेत 'जीप' या नावाने टॉर्च बनत. जीप आणि एव्हररेडी या दोन नावांवर आपल्याकडच्या दोन पिढ्यांनी अंधार काढला. मामांच्या फळीवरची पितळी बॅटरी एव्हररेडीचीच, 'जीवनसाथी' नावाची. नाव ठेवणाऱ्याला दाद दिली पाहिजे. मामी म्हणतात, खरी जीवनसाथी तीच, मी आपली घर झाडायला.

त्या बॅटरीबरोबर एक सगळा आचारधर्म होता. सेल मंद झाले की पत्र्यावर उन्हात ठेवायचे. यात थोडं तथ्य आहे: विश्रांतीने आतली रासायनिक कोंडी जरा सुटते आणि उष्णतेने क्रिया किंचित वेग घेते, मग रात्री अर्धा तास जास्त मिळतो. प्रवासात पिशवीत आपोआप लागू नये म्हणून एक सेल उलटा घालायचा. सह्याद्रीत भटकणारे जुने लोक अजून हे करतात. झाकणाच्या आत एक जादा बल्ब कापसात गुंडाळून ठेवायचा, कारण बल्ब उडणार तो नेमका ओढ्यात.

आता एक तारीख. १९१७ मध्ये नॅशनल कार्बन आणि इतर काही कंपन्या मिळून एक मोठी कंपनी झाली होती. तिचं नाव युनियन कार्बाइड. भारतातली एव्हररेडीही तिचीच. १९५९ मध्ये इथल्या कंपनीचं नावही युनियन कार्बाइड इंडिया झालं आणि १९६९ मध्ये तिने भोपाळला कीटकनाशकांचा कारखाना काढला. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री तिथून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. मध्य प्रदेश सरकारने मान्य केलेला मृतांचा आकडा ३७८७. त्यांच्यासाठी लढणाऱ्या संघटना त्याच्या कितीतरी पट सांगतात. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली.

ही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही. भोपाळ शाळेत शिकलोच होतो. पण लाल सेलावरची, नऊच्या आकड्यातून उडी मारणारी ती मांजर आणि भोपाळ हे एकाच दुकानातलं आहे, हे दोन माहित्या डोक्यात शेजारी ठेवल्याशिवाय कळलं नव्हतं. त्या रात्री काळोखात पळणाऱ्या भोपाळकरांपैकी कुणाच्या तरी हातात याच कंपनीची बॅटरी असणार. हा माझा अंदाज आहे, पुरावा नाही. पण बाजारात दुसरं होतंच किती?

१९९४ मध्ये युनियन कार्बाइडने भारतीय कंपनीतला आपला ५०.९ टक्के हिस्सा कलकत्त्याच्या मॅक्लिऑड रसेलला विकला आणि कंपनीचं नाव एव्हररेडी इंडस्ट्रीज झालं. विक्रीच्या पैशातून भोपाळला रुग्णालय उभं राहिलं. अमेरिकी मालक गेला, कार्बाइड हे नाव सेलवरून गेलं आणि नवीन पोरांसाठी एव्हररेडी ही 'गिव्ह मी रेड'वाली फॅशनेबल कंपनी झाली. मामांना मी हे सगळं फोनवर सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "सेल चांगले होते रे तिचे." मला पुढे काय बोलावं सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

*

शौकाची वस्तू म्हणून टॉर्चचा जन्म मात्र कॅलिफोर्नियातला. टोनी मॅग्लिका हा न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला, पण क्रोएशियाच्या झ्लारिन बेटावर गरिबीत वाढलेला खरादी. लेथवर काम करणारा माणूस. त्याने १९७९ मध्ये मॅगलाइट काढली: ॲल्युमिनियमची जाड नळी, रबरी रिंगा, अचूक आटे. पोलिसांनी ती दिव्यासाठी घेतली आणि दंडुक्यासाठीही वापरली. तोवर टॉर्च म्हणजे मोडली की फेकायची वस्तू होती. मॅगलाइट लोक जपून ठेवू लागले, उघडू लागले, आतला बल्ब बदलून जास्त ताकदीचा घालू लागले. 'बॅटरीवेडे' ही जमात इथून मोजायची.

उजेड मात्र तोच पिवळा, तारेचा. तो बदलला जपानच्या शिकोकू बेटावर.

लाल आणि हिरवे एलईडी आधीपासून होते. निळा जमत नव्हता आणि निळ्याशिवाय पांढरा होत नाही. मोठमोठ्या प्रयोगशाळा झिंक सेलेनाइडच्या मागे होत्या. निचिया या लहान रासायनिक कंपनीतला शुजी नाकामुरा गॅलियम नायट्राइडच्या मागे लागला, ज्याचा नाद बहुतेकांनी सोडला होता. काम थांबव, असं वरून सांगितल्यावरही तो थांबला नाही. १९९३ मध्ये झगझगीत निळा एलईडी तयार झाला. कंपनीने त्याला बक्षीस दिलं २०,००० येन, म्हणजे एका बऱ्या हॉटेलातल्या जेवणाइतकं. पुढे तो कोर्टात गेला आणि २००५ मध्ये सुमारे ८४ कोटी येनवर तडजोड झाली. २०१४ मध्ये इसामु आकासाकी आणि हिरोशी आमानो यांच्यासोबत त्याला भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता यातली गोम. तुमच्या फोनचा फ्लॅश पांढरा दिसतो, पण मुळात निळा आहे. निळ्या एलईडीवर पिवळी पावडर लेपलेली असते. थोडा निळा तसाच बाहेर येतो, थोडा पिवळा होतो, दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं वाटतं. त्या मिश्रणात लाल फारच कमी. म्हणून स्वस्त एलईडीच्या उजेडात माणसं आजारी दिसतात, मटणाचा रस्सा करडा दिसतो आणि तांबडी माती सिमेंटसारखी दिसते. उजेड रंग किती खरे दाखवतो हे मोजायला सीआरआय नावाचा आकडा आहे, जास्तीत जास्त १००. फोनच्या फ्लॅशसारख्या साध्या एलईडीचा ७० ते ८०. तारेच्या जुन्या पिवळ्या बल्बचा? जवळजवळ पूर्ण १००.

हे वाचून मी थबकलो. मामांची जुनी तीन सेलची पितळी बॅटरी वीसेक लूमेन देत असेल. पण त्या वीस लूमेनमध्ये रंग सगळे खरे होते. आपण उजेड शंभर पटींनी वाढवला आणि रंग हरवला. आज जगभरचे शौकीन 'हाय सीआरआय'साठी जास्त पैसे मोजतात, ते हरवलेलं परत विकत घ्यायला. विशेष म्हणजे त्यांचा लाडका एलईडीही त्याच निचिया कंपनीचा असतो.

*

मामांच्या बाबतीत हा कोडकौतुकाचा मामला नाही. ते जुन्नर तालुक्यात ऊस करतात. शेतीची थ्री-फेज वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते. मग रात्री बारा-एकला मोटर चालू करायला आणि बारं मोडायला जावं लागतं. उसात बिबट्या आहेत, त्यासाठी लांब झोत हवा: डोळे चमकले की कळतं. बांधावर घोणस आणि मण्यार. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसं गेली असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे, आणि ती बहुतेक खेड्यांतली. तेव्हा या माणसाचं बॅटरीचं वेड हे वेड आहे की काय आहे, तुम्हीच ठरवा.

दोन वर्षांपूर्वी मामांचा पाय घोणशीपासून वीतभर अंतरावर पडला होता. हातात नवीकोरी, निळसर उजेडाची, लांब पल्ल्याची बॅटरी होती. "पाचटात काय कळंना रे, सगळं एकाच रंगाचं," असं ते तेव्हा म्हणाले होते. मला ते वाक्य सीआरआय वाचताना आठवलं. चांगल्या उजेडात साप दिसतोच असं मी म्हणणार नाही. त्या बॅटरीचा झोतही इतका अरुंद होता की पायाशी जवळपास काळोखच. पण तपकिरी पाचटात तपकिरी साप शोधायचा तर तपकिरीच्या छटा वेगळ्या दिसायला हव्यात, एवढं तर खरं.

म्हणजे लांबचं बघायला मामांकडे चार बॅटऱ्या होत्या. पायाखालचं बघायला एकही नव्हती. बाराव्या बॅटरीची जागा सापडली.

खरेदीच्या नादात जे शिकलो त्यातलं थोडं सांगतो, कारण उद्या तुम्हालाही कुणासाठी घ्यायची असेल. लूमेन म्हणजे एकूण उजेड, पल्ला नव्हे. पल्ला कँडेलावर ठरतो आणि तो दुप्पट करायचा तर कँडेला चौपट लागतात. खोक्यावर एएनएसआय एफएल-१ असं मानक लिहिलेलं असेल तर आकड्यांना काही अर्थ आहे. त्यात 'पल्ला' म्हणजे जिथे उजेड पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो ते अंतर. हे समजल्यावर निम्म्या जाहिराती हसू येण्यासारख्या वाटतात. १८६५० हे सेलचं मापच आहे: १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब. खरा चांगला सेल ३५०० एमएएचच्या आसपास असतो. ९९०० लिहिलेला असेल तर तो सेल नाही, थाप आहे. एवढ्या सेलमधून साधारण १००० लूमेन तासभर निघतात, तेही टॉर्चची नळी उष्णता सोसू शकली तर. एक लाख लूमेन त्या नळीतून निघाले असते तर मामांच्या हाताची भाकरी झाली असती.

आणि एक मंद मोड हवाच, एखाद्या लूमेनचा. अंधाराला सरावलेले डोळे प्रखर उजेडाने एकदा दिपले की पूर्ववत व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. रात्री लघवीला उठलेल्या माणसाला हजार लूमेन कशाला?

शेवटी मी एक साधी दिसणारी चिनी बॅटरी घेतली, कॉन्व्हॉय एस२+. आत निचियाचा ५१९ए एलईडी, सीआरआय ९० च्या वर, उजेड किंचित पिवळट. लूमेन हजाराच्या आत. सोबत नावाजलेल्या कंपनीचे दोन सेल आणि चार्जर. शौकिनांच्या जगात ही काही राजेशाही वस्तू नाही. पितळेच्या, तांब्याच्या, टायटॅनियमच्या याच्या दहापट किमतीच्या मिळतात आणि त्या बघताना माझाही हात दोनदा घसरला होता.

एकसष्टीच्या रात्री, पाहुणे पांगल्यावर, मामांनी खोकं उघडलं. हातात तोलून म्हणाले, "हलकी आहे." माझ्या पोटात गोळा. मग परसात गेले आणि आधी जुनी लाख लूमेनवाली लावली, मग ही. दोन्ही झोत शेजारी-शेजारी जमिनीवर. एका वर्तुळात माती राखाडी, दुसऱ्यात तांबडी. कढीपत्त्याखाली पडलेली सुकी पानं एकात एकसारखी, दुसऱ्यात पिवळी, तपकिरी, काळपट. बराच वेळ ते नुसते आलटून पालटून दोन्ही लावत राहिले. मग आत जाऊन फळीवरून पितळी जीवनसाथी आणली, तिच्यात सेल भरले, तिचाही झोत शेजारी टाकला. मंद होता, पण माती तांबडीच.

"हिच्यासारखाच आहे की उजेड," मामा म्हणाले.

मी म्हटलं, "हो मामा, त्याचेच पैसे घेतले."

ते हसले. मग नव्या बॅटरीचं शेपटाकडचं झाकण फिरवून सेल बाहेर काढला, बोटांत धरून निरखला आणि विचारलं, "भाचेबुवा, हा उतरला की उन्हात ठेवायचा का?"

मी जवळजवळ ओरडलोच. लिथियमचा सेल पत्र्यावर उन्हात ठेवायचा नाही, फोडायचा नाही, वाकला किंवा वरचं वेष्टण फाटलं तर वापरायचा नाही. हे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून मी चार्जरच्या पाठीवर चिकटवून आलो आहे.